हरणीचे डोहाळे

गौलीगुड्याच्या दत्ताच्या देवळासमोर भामा आपली गाय घेऊन उभी राहायची. गाईचं नाव हरणी. तांबूस रंग, कपाळावर पांढरा ठिपका आणि स्वभावानं भामापेक्षा पुष्कळ गरीब. भाविकांनी भामाकडून गवताची पेंढी विकत घ्यायची, हरणीच्या पुढ्यात टाकायची, तिच्या पाठीवरून हात फिरवून तो डोळ्यांना लावायचा आणि देवळात शिरायचं. सकाळभर हे चाले. दुपारी गाय तिथंच विजेच्या खांबाला बांधून भामा शेजारच्या जामबाग वस्तीत माझ्याकडं भांडी घासायला येई. पगार मी देत असे, पण घरात हुकूम तिचा चाले. पातेल्याला भात करपून बसलेला दिसला की ती मलाच सुनावायची, ‘बाई, शाळेत पोरांला अक्कल शिकवलाव, ग्यासकडं बघायला कोण शिकवावं तुम्हाला?’ मी मराठी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. उलट उत्तर ऐकायची सवय मोडली होती, ती तिनं पुन्हा लावली.

भामाची माणसं मूळची देगलूरकडची. निजामाच्या राज्यात आजोबा हैदराबादेत आले, बापानं गौलीगुड्यात गाई-म्हशी पाळल्या. पुढं गोठ्यांच्या जागी दुकानं झाली, दुकानांवर मजले चढले, गुरं गेली. नवरा बसस्टँडवर हमाली करायचा, तो तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. उरली ती बापाच्या गोठ्यातल्या शेवटच्या गाईची नात, म्हणजे ही हरणी. देवळामागच्या एका खोलीत भामा राहायची आणि खोलीच्या दाराशी, ताडपत्रीखाली, रात्री हरणी. घरमालक रोज कुरकुरायचा, पण गाईला हाकलल्याचं पाप नको म्हणून गप्प बसायचा. भामाचं सगळं जगणं त्या पापाच्या भीतीवर आणि पुण्याच्या हावेवर उभं होतं, असं म्हटलं तरी चालेल.

आमच्या लोकांत जेवायच्या आधी गोग्रास काढून ठेवायची रीत आहे. पूर्वी बायका तो पानावर घेऊन यायच्या आणि हातानं गाईच्या तोंडापाशी धरायच्या. पान गाय खाऊन टाकी, मागं काही उरत नसे. नव्वदनंतर बाजाराची कळाच बदलली. किराणा, भाजी, फुलं, मिठाई, सगळं पातळ पिशव्यांतून यायला लागलं. आमच्या हैदराबादेत त्या पिशवीला ‘कवर’ म्हणतात. काळी कवर, गुलाबी कवर, हिरवी कवर. घरून पिशवी न्यायची लाज वाटायला लागली आणि दुकानदारानं कवर दिली नाही तर राग यायला लागला. मग गोग्रासही कवरीत आला. त्यात भात, आमटी, पोळीचे तुकडे एकत्र कोंबायचे, स्कूटरवर सांडू नये म्हणून वर घट्ट गाठ मारायची आणि ती पुरचुंडी गाईसमोर ठेवून निघायचं. हाताला खरकटं लागत नाही, ऑफिसला उशीर होत नाही आणि पुण्य मात्र पूर्ण मिळतं. ह्यापेक्षा सोयीचा धर्म मी तरी पाहिला नाही.

भामा असली की ती गाठ सोडायची. नखांनी, नाही सुटली तर दातांनी. अन्न टोपलीत ओतायची आणि पिशवी बाजूला दाबून ठेवायची. पण दुपारी ती नसायची. गाईला वरचे पुढचे दात नसतात, ती कुरतडून वेगळं करत नाही. आत मिठाचा, गुळाचा वास आला की अख्खी पुरचुंडी आत ओढते.

नव्व्याण्णव सालच्या पावसाळ्यात हरणीचं पोट वाढायला लागलं. आधी तिला वळूकडं नेऊन आणलं होतं, त्यामुळं सगळ्यांनी बोटं मोजली आणि ठरवून टाकलं, की गाय गाभण आहे. मी भामाला इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. भांडी घासता घासता ती वासराचं बोलायची. कालवड झाली तर काय नाव, गोऱ्हा झाला तर तो कुणाला द्यायचा, चीक कुणाकुणाच्या घरी पाठवायचा. माझ्या सुनेला, वैशालीला, चीक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. ती पुण्याची, कॉम्प्युटरवाल्या कंपनीत नोकरीला. भामानं तिला अर्धा तास समजावून सांगितलं आणि खरवसाचं वचन देऊन ठेवलं.

मग गल्लीतल्या बायकांना सुचलं, की आपल्या गाईचं डोहाळजेवण करू या. हे आमच्याच बायकांना सुचू शकतं. एका गुरुवारी हरणीच्या शिंगांना हिरव्या बांगड्या बांधल्या, गळ्यात गजरे घातले, कुंकू लावलं, ओवाळलं. त्यानंतर दोन-अडीच महिने गाईचे डोहाळे पुरवायची चढाओढ लागली. कुणी पुरणपोळी आणायचं, कुणी करंज्या, कुणी भिजवलेली हरभऱ्याची डाळ. देवस्थानाचे विश्वस्त हिम्मतराव, कापडाचे व्यापारी, रोज सकाळी स्कूटरच्या हुकाला गूळ-भाताची काळी कवर अडकवून यायचे आणि दुपारी जेवायला जाताना आणखी एक ठेवून जायचे. दोन जिवांची आहे, म्हणायचे.

दिवाळीच्या सुमारास हरणीनं खाणं सोडलं. रवंथ बंद झाला. ती मान खाली घालून खांबाला टेकून उभी राही, आणि पोट तर ढोलकीसारखं ताणलेलं. दूध केव्हाच आटलं होतं. बायका म्हणाल्या, दिवस भरत आलेत. एका दुपारी ती माझ्याकडं आलीच नाही म्हणून मी गौलीगुड्याला गेले, तर ती गाईच्या पायाशी बसून होती. मला म्हणाली, डॉक्टरला बोलवा.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यातला तरुण डॉक्टर आला. त्यानं कोपरापर्यंत हात घालून तपासलं, मग हरणीच्या डाव्या कुशीवर मुठीनं ठोकलं. आत काहीतरी घट्ट कोंबल्यासारखा आवाज आला. वासरू नाही, तो म्हणाला. वासरू उजव्या अंगाला वाढतं, ही डावीकडं फुगली आहे. आत पिशव्या आहेत.

मी भामाकडं पाहिलं. हिचा जन्म गोठ्यात गेलेला, हिला डावं-उजवं कळलं नसेल? तिनं माझी नजर ओळखली.

“मला दिसत होतं, बाई,” ती म्हणाली. “पन मला वासरू पाहिजे होतं.”

दवाखान्यात हरणीची कूस उघडली. मी बाहेर थांबले, भामा आत गाईची मान धरून उभी होती. पोटातून जे निघालं ते डॉक्टरनं गोणपाटावर काढून ठेवलं. सगळ्यांचा मिळून एक काळा, चिकट लगदा झाला होता. त्यात दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, सुतळ्या होत्या आणि कवरी तर किती. काहींच्या गाठी तशाच होत्या. एक त्यानं कात्रीनं कापून दाखवली, आत भाताची शितं ओळखू येत होती. कुणाच्या तरी घरचा गोग्रास गाईच्या पोटात जाऊनही गाईला मिळाला नव्हता. तो वास माझ्या नाकातून कित्येक दिवस गेला नाही, आणि रागही.

डॉक्टर भला होता. त्यानं टाके घातले, औषधं दिली, गाय जगेल म्हणाला. पण निघताना भामाला बाजूला घेऊन सांगितलं, की हिचं पोट पुन्हा एकदा भरलं तर मी उघडणार नाही. तेवढी ताकद हिच्यात राहिलेली नाही.

त्या दिवसापासून भामाचा जीव टांगणीला लागला. हरणीला वाचवायचं म्हणजे पिशवीपासून दूर ठेवायचं. पण दूर म्हणजे कुठं? देवळासमोर उभी राहिली नाही तर पेंढ्या विकल्या जाणार नाहीत, आणि मग गाय काय खाणार, भामा काय खाणार? खोलीच्या दाराशी बांधून ठेवली तर घरमालक दिवसा ठेवू देईना. मी जामबागेत दुसऱ्या मजल्यावर राहते. जिना चढून येणारी गाय असती तर मी ठेवून घेतली असती. एका गोशाळेत विचारून आले. तिथल्या गृहस्थांनी जागा नाही म्हणून हात जोडले. भामानं भांड्यांची कामं सोडली आणि दिवसभर गाईजवळ डोळ्यांत तेल घालून बसायला लागली. येईल त्याला हात जोडून सांगायची, कवरी आणू नका. लोक ऐकायचे, हळहळायचे, ‘अरेरे, केवढा मोठा गोळा निघाला म्हणे’ असं म्हणायचे आणि तिची पाठ वळली की देवळाच्या कट्ट्यावर पुरचुंडी ठेवून जायचे. हिम्मतराव म्हणाले, माझी कवर जाड असते, गाय ती खात नाही.

अशात मला पेपरात एक बातमी दिसली. दिल्लीच्या सरकारनं पिशव्यांबद्दल नियम काढले होते. वीस मायक्रॉनहून पातळ पिशवी करायची नाही, आणि जुनं प्लास्टिक वितळवून केलेल्या रंगीत पिशवीत खायचा पदार्थ बांधून द्यायचा नाही. मी भामाला ते वाचून दाखवलं. मायक्रॉन तिला कळला नाही, मला तरी कुठं कळला होता. पण दुसरी गोष्ट तिनं मला पुन्हा वाचायला लावली.

“म्हंजे काळ्या कवरीत भात बांधायचा नाही, असं सरकार म्हणायलंय?”

मी हो म्हटलं. तिचा चेहरा असा उजळला, की मला धास्तीच वाटली. सरकारनं एखादी गोष्ट म्हटली की ती होते, असं मानणारी माणसं अजून आहेत हे मी विसरून गेले होते.

ती दुकानादुकानांत फिरली. किराणावाला म्हणाला, कवर नाही दिली तर गिऱ्हाईक शेजारी जातं. शेजारचाही तेच म्हणाला. मिठाईवाल्यानं तिला प्रेमानं जिलेबी दिली, गुलाबी कवरीत. हिम्मतरावांनी तर वकिली मुद्दा काढला. म्हणाले, नियम विकणाऱ्याला आहे. मी विकत नाही, मी दान करतो. इतका स्वच्छ युक्तिवाद मी शाळेतल्या वादविवादातही ऐकला नव्हता.

मग भामानंच ठरवलं की ऑफिसात जायचं. सफाई खात्याच्या ऑफिसात आम्ही दोघी गेलो. साहेब मध्यम वयाचे, शांत, कपाळाला विभूती लावलेले. भामा त्यांच्याशी घडघडा तेलुगूत बोलली, माझी गरजच पडली नाही. गाय, पोट, लगदा, डॉक्टरचा इशारा, सगळं तिनं सांगितलं. साहेबांचे डोळे पाणावले, हे मी स्वतः पाहिलं. नियम आहे, ते म्हणाले, अगदी खरा आहे. पण पिशव्या बनवणाऱ्यांवर एक खातं नजर ठेवणार, वापरणाऱ्यांवर दुसरी कचेरी, आणि कुणी काय करायचं हे अजून वरून लिहून आलेलं नाही. आमच्या हातात आहे तो झाडू. तरी माझ्या हातात असेल तेवढं मी नक्की करीन, असं त्यांनी वचन दिलं आणि विचारलं, गाय कुठं बांधता? कोणत्या खांबाला? किती वेळ? भामानं सगळं नीट सांगितलं. येताना ती वाटभर म्हणत होती, किती चांगला माणूस आहे.

चांगलाच होता. त्यानं शब्द पाळला.

पुढच्या पंधरवड्यातल्या एका गुरुवारी सकाळी गाडी आली. मी देवळात होते. गलका ऐकून बाहेर आले तर खात्याच्या माणसांनी देवळाच्या पायरीवरच्या हारवाल्या म्हातारीच्या कवरी उचलून गाडीत टाकल्या होत्या आणि दोघं जण हरणीला फळीवरून वर चढवत होते. पिशव्या खाऊन जनावरं मरतात अशी तक्रार आली आहे, म्हणून रस्त्यावरची जनावरं हलवायचा हुकूम निघाला आहे, असं त्यांच्यातला मोठा सांगत होता. किराणा दुकानात कुणी शिरलं नाही. मिठाईवाला पायरीवर उभा राहून बघत होता. भामा आधी ओरडलीच नाही. गाय माझी आहे, बांधलेली आहे, तक्रार मीच केली आहे, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. तो माणूस म्हणाला, तुझीच तक्रार ना, मग तुझंच काम केलं.

हिम्मतराव स्कूटर लावून पुढं आले. कायद्यापुढं कुणाचं काय चालणार, म्हणाले. मग हातातल्या काळ्या कवरीकडं त्यांचं लक्ष गेलं. रोजचा नेम चुकायला नको म्हणून त्यांनी ती गाडीत, हरणीच्या तोंडापाशी ठेवली. गाडी सुटली तशी भामानं मागच्या फळीवर उडी घेतली. पिशवी हिसकावून खाली फेकली आणि स्वतःही तिथून पडली. तिचं कोपर फुटलं. रस्त्यावर भात सांडला. हिम्मतराव माझ्याकडं वळून म्हणाले, अन्नाचा असा अपमान बरा नाही.

मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बोलल्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

कोंडवाडा शहराच्या पार टोकाला होता. कोपराला पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी भामा माझ्याबरोबर बसनं तिथं आली. उंच भिंती, पत्र्याची शेड, मधे हौद आणि सुक्या कडब्याची वैरण. हरणी एका कोपऱ्यात बसली होती. भामा जवळ गेली आणि थबकली. हरणी रवंथ करत होती. ऑपरेशननंतर देवळापाशी आम्ही तिला असा सावकाश, डोळे अर्धवट मिटून रवंथ करताना पाहिलं नव्हतं.

राखणदार म्हातारा कागद घेऊन आला. “अम्मा, ले जाना है तो यां अंगूठा लगाव,” तो म्हणाला. गाय पुन्हा रस्त्यावर दिसली तर जप्त होईल आणि परत मिळणार नाही, असं त्यावर लिहिलं होतं. आणि ठरलेल्या मुदतीत कुणी नेली नाही तर लिलाव. मी म्हटलं, भामा, लाव अंगठा, सगळे लावतात, पुढचं पुढं बघू.

तिनं अंगठा पुढं केला नाही. ती शेडभर फिरली. कोपरे पाहिले, हौद पाहिला, वैरणीत हात घालून चाचपलं. परत येऊन हरणीच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली.

“राहू द्या हिला,” ती म्हणाली. “हितं कुनी पुण्य कमवायला येत नाही.”

मी वाद घातला. लिलावात ती कुणाच्या हाती पडेल, कसाई की कोण, कुणाला ठाऊक. ती म्हणाली, तिकडं नेली तर कुणाच्या हाती पडणार ते मला ठाऊक आहे. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून रडली. आवाज न करता, सगळी वाट. मीही रडले. हैदराबादसारख्या एवढ्या मोठ्या शहरात एका गाईला उभं राहायला जागा नसावी, आणि जी आहे ती तिच्या धनिणीपासून तोडूनच मिळावी, ह्याचा राग कुणावर काढायचा तेच समजेना. साहेब चांगले, डॉक्टर चांगला, नियम चांगला. वाईट माणूस शोधून सापडत नव्हता.

लिलावाच्या दिवशी भामा भल्या सकाळीच कोंडवाड्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. मी गेले तेव्हा बोली लावायला आलेल्या प्रत्येकाचा चेहरा ती निरखत होती. सुदैवानं हरणी मल्लय्या नावाच्या शेतकऱ्यानं घेतली. वरंगलच्या वाटेवर त्याचं गाव. पन्नाशीचा, धोतर नेसलेला, गाईच्या अंगावरून हात फिरवण्याची रीत ठाऊक असलेला माणूस. घरी बैलजोडी होती, विहीर होती, गोठा होता. टाक्यांची खूण पाहून त्यानं काय झालं ते विचारलं आणि हळहळला. भामाच्या जिवात जीव आला. कितीतरी दिवसांनी ती हसली. हरणीचा दोर तिनंच राखणदाराकडून मागून घेतला, मल्लय्याच्या हाती स्वतः द्यायला. हिला खुराकात मीठ आवडतं, थंडीत गोणपाट घालावं लागतं, असं सगळं ती त्याला सांगत बसली. तो प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता.

निघायची वेळ झाली. दोर हातात धरूनच भामानं त्याला तेलुगूत विचारलं, “तुमच्या गावात किराण्याचं दुकान आहे का?”

मल्लय्याला वाटलं, ही शहरातली बाई आपली गाय कुठल्या कोपऱ्यात चालली आहे म्हणून काळजी करते आहे. तो मोकळेपणानं हसला.

“आहे की, आता दोन झालीत,” तो म्हणाला. “चहा, साबण, बिस्किटं, सगळं पाकिटात मिळतं. घरून पिशवी न्यावी लागत नाही, दुकानदारच कवर देतो. काही काळजी करू नका, अम्मा.”

भामानं दोर सोडला नाही. मल्लय्यानं तिची बोटं एकेक करून हळूच सोडवली आणि गाईला घेऊन फाटकाबाहेर निघाला.